घोरणे, उशाचा उतार आणि सुखाची झोप



ऊस विकास विभागाच्या पानावर लागण, खोडवा, पाचट आणि ठिबक सोडून झोपेविषयी लेख पाहून आपणांस नवल वाटेल. परंतु गटवार बैठकांना फिरताना बियाणे आणि खतांच्या जोडीने हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला गेला, म्हणून लिहीत आहोत.

हिंजवडी-वाकडकडच्या मोठ्या दुकानांतून मोटारीवर वर-खाली होणारे पलंग विकावयास आले आहेत. बटण दाबले की उशाकडचा भाग उचलला जातो, दुसरे दाबले की गुडघ्याखालचा. याने घोरणे कमी होते, झोप चांगली लागते, असे दुकानदार सांगतो. मुलगा म्हणतो घेऊ, आई म्हणते कशाला, आणि वडील आम्हांला विचारतात, “साहेब, उसाच्या बिलातून घ्यावा का हा पलंग?”

आम्ही शेतकीची माणसे. औषधोपचार सांगणे आमचे काम नाही. मात्र या विषयाची जी माहिती डॉक्टर मंडळींकडून आणि प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून मिळते, ती सभासदांपर्यंत नेणे आमचे काम आहे असे आम्ही समजतो. लेख पुरा वाचण्यास सवड नसेल त्यांच्यासाठी उत्तर आधीच देतो. उशाकडून थोडा चढ दिल्याने घोरणे काही अंशी कमी होते, हे खरे. तो चढ चार विटांवरही देता येतो, हेही खरे. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल, तर कोणताही पलंग हे त्याचे औषध नव्हे. तिथे आधी डॉक्टर आणि मग पलंग.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

आपल्याकडे घोरणाऱ्याला ‘कुंभकर्ण’ म्हणून हसण्यावारी नेतात. “दिवसभर राबलाय, कसा गाढ झोपलाय बघा,” असेही म्हणतात. या समजुतीने फार नुकसान केले आहे.

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैल पडतात. माणूस उताणा झोपला की जीभ आणि पडजीभेकडचा मऊ भाग स्वतःच्या वजनाने मागे सरकतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जोराने जाऊ लागली की मऊ भाग थरथरतो. तोच घोरण्याचा आवाज.

पंपाच्या ओढीच्या बाजूला आपण नेहमी टणक, कडी असलेला पाईप लावतो. तिथे चुकून गुंडाळीचा चपटा पाईप लावला तर काय होईल? पंप ओढू लागताच पाईप आतल्या आत चिकटेल आणि पाणी बंद होईल. झोपलेल्या माणसाचा घसा हा असाच मऊ पाईप आहे. छाती आत ओढते आणि पाईप चिकटू पाहतो. थोडा चिकटला तर घोरणे, पुरता चिकटला तर श्वास बंद.

श्वास थांबणारे घोरणे

एका गटातील बैठकीनंतर सभासदाच्या घरी चहाला बसलो असता घरच्या बाईंनी जे सांगितले, ते आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो. “साहेब, घोरण्याचं काय वाटत न्हाई, त्याची सवय झाली. पण ह्यांचं घोरणं मधीच बंद पडतं बघा. मी मनात आकडं मोजते. धा-पंधरा आकडं झालं की हे दचकून मोठ्यानं श्वास घेत्यात. तवर माझ्या जिवात जीव नसतो.” यजमान शेजारी बसून हसत होते. त्यांना स्वतःला यातले काहीच ठाऊक नव्हते. “आठ तास झोपतो, तरी उठल्यावर अंग मोडल्यागत असतं,” एवढीच त्यांची तक्रार होती.

त्या बाईंनी मोजले ते डॉक्टरही मोजतात. झोपेत श्वास दहा सेकंद किंवा अधिक वेळ थांबला तर तो एक झटका धरतात. श्वास अर्धवट अडला आणि रक्तातील प्राणवायू उतरला तर तोही मोजतात. असे तासाला पाचाच्या आत असतील तर चिंता नाही. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या पुढे गंभीर. या विकाराला इंग्रजी नावावरून ‘स्लीप अॅप्निया’ म्हणतात. प्रत्येक झटक्याला मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो, म्हणून श्वास पुन्हा चालू होतो. माणसाला सकाळी त्याची आठवण नसते. पण तासाला वीस वेळा जागे झालेली झोप ती कसली झोप? अशा माणसाला दिवसा डुलकी येते, सकाळी डोके दुखते, चिडचिड होते. रक्तदाब वाढतो, तो औषधानेही लवकर आटोक्यात येत नाही. हृदयविकार, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशीही या विकाराचा संबंध आहे.

हा विकार परदेशातला नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत झोपेत श्वास अडखळण्याचे प्रमाण १९.५ टक्के आढळले आणि त्याबरोबर दिवसा पेंग येण्याचे लक्षणही असणारे ७.५ टक्के निघाले. हे आकडे शहरातील पुरुषांचे आहेत, ते जसेच्या तसे खेड्याला लावता येणार नाहीत. पण आपल्या मुळशीचा पूर्व भाग आता कितीसा खेडे राहिला आहे? चालणे कमी झाले, मोटारसायकल आली, पोटे सुटली. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत याच विकाराचे नाव होते.

उशाच्या चढाचा उपयोग किती?

आजाऱ्याला उशाकडून उचलून निजवण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक जॉर्ज फॉवलर यांनी १९०० च्या सुमारास पोटातील पू खाली उतरावा म्हणून रुग्णाला अर्धवट बसते ठेवण्याची पद्धत सांगितली. दवाखान्यातील दांड्याने फिरवायच्या खाटेला आपण ‘फॉवलर कॉट’ म्हणतो ते त्यांच्याच नावावरून. पुढे १९०९ च्या सुमारास विलिस गॅच या डॉक्टरांनी पाठ आणि गुडघे दोन्हीकडून वाकणारी खाट केली. आजचा मोटारीचा पलंग हा तिचाच वंशज आहे. दांड्याच्या जागी मोटार आली एवढेच.

घोरण्याला याचा उपयोग होण्याचे कारण सरळ आहे. डोके आणि छाती वर असली की जीभ मागे पडण्याचा जोर थोडा कमी होतो. पोटाचा भार छातीवर येत नाही. ज्यांच्या घशाशी रात्री आंबट येते, त्यांनाही आराम पडतो.

आता आकडे पाहू. ब्राझीलमधील डॉक्टरांनी या विकाराच्या ५२ रुग्णांना साडेसात अंशांच्या चढावर झोपवून तपासले. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सपाट झोपले असता श्वासाचे झटके तासाला साधारण पंधरा-सोळा होते, ते चढावर दहा-अकरावर आले. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा कमी झाले. फायदा आहेच. पण दहा-अकरा म्हणजे पाचाच्या आत नव्हे, ही गोष्ट विसरू नये. दुसरी पाहणी २०२२ सालची. तीत २५ घोरणाऱ्या माणसांना त्यांच्या घरी वर-खाली होणाऱ्या पलंगावर बारा अंशांच्या चढाने झोपवले. घोरण्याचा वेळ सुमारे ७ टक्के कमी झाला आणि मध्येच जाग येण्याचे प्रमाण ४ टक्के घटले. दुकानदार ‘घोरणे कमी होते’ म्हणतो ते खोटे नाही; पण किती कमी होते, ते आपण विचारले पाहिजे. खताच्या पोत्यावरचे आकडे वाचल्याशिवाय आपण पोते उचलत नाही, तोच नियम पलंगाला लावावा.

घरच्या घरी चढ कसा द्यावा?

साडेसात अंश म्हणजे फुटाला साधारण दीड इंच. सहा फुटी कॉटला पुऱ्या लांबीत हा चढ द्यायचा तर उशाकडचे दोन पाय नऊ इंच उचलावे लागतात. एकदम एवढा चढ सोसत नाही, अंग पायथ्याकडे घसरते. म्हणून सुरुवात फुटाला एक इंचाने, म्हणजे सहा इंचांनी करावी. आठ-दहा दिवसांनी सोसेल तसे वाढवावे.

नुसत्या विटा एकावर एक रचल्या तर कॉट सरकून पडण्याची भीती असते. सुताराकडून लाकडी ठोकळे करून घ्यावेत आणि कॉटचा पाय बसेल एवढी खाच वर पाडून घ्यावी. विटाच वापरायच्या तर सिमेंटमध्ये जोडून घ्याव्यात. दोन्ही ठोकळे एकाच उंचीचे आहेत याची खात्री करावी. कॉट ज्या भिंतीला टेकते ती पायथ्याची भिंत असावी.

सुंभाची किंवा पट्टीची सैल बाज या कामाला चालत नाही. तिच्यात कंबर खाली जाते, माणूस झोळीत पडल्यासारखा दुमडतो आणि चढाचा फायदा राहत नाही. दिवाण भिंतीत बसवलेला असेल तर गादीवाल्याकडून कमरेपासून डोक्यापर्यंत चढत जाणारी घट्ट उतरती गादी भरून घ्यावी.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. तीन-तीन उशा एकावर एक ठेवून नुसते डोके उचलू नये. त्याने मान वाकते, हनुवटी छातीला लागते आणि श्वासाची वाट उलट जास्त दबते. चढ कमरेपासून हवा, मानेपासून नको. पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मोटारीचा पलंग कोणी घ्यावा?

ज्यांना सपाट झोपताच येत नाही, अशा दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला, रात्री वारंवार उठावे लागणाऱ्या वृद्धाला, शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर असलेल्या माणसाला असा पलंग खरोखर उपयोगी पडतो. पाठ उचलल्यावर गुडघ्याखालीही उचलता येते, त्यामुळे अंग घसरत नाही. परंतु काही पलंगांच्या किमती लाखाच्या पुढे जातात. केवळ घोरणे कमी करण्यासाठी एवढा खर्च करण्याआधी ठोकळ्यांवर महिनाभर झोपून पाहावे. फरक पडला तरच पुढचा विचार. दांड्याची फॉवलर कॉट पुण्यात भाड्यानेही मिळते. महिनाभर आणून पाहण्यास हरकत नाही. मोटारीचा पलंग घेतलाच, तर वीज गेल्यावर तो सपाट कसा करायचा हे दुकानातच करून दाखवावयास सांगावे. आपल्याकडची वीज आपणांस ठाऊक आहेच.

पलंगाआधी करावयाच्या गोष्टी

१) कुशीवर झोपावे. पुष्कळांचे घोरणे उताणे झोपल्यावरच वाढते. झोपेत माणूस उताणा होतो, म्हणून जुन्या बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू घालतात. उताणे होताच तो टोचतो आणि माणूस कुशीवर वळतो. खर्च शून्य.

२) वजन उतरवावे. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथील लोकांच्या दीर्घ पाहणीत, जी २००० साली प्रसिद्ध झाली, वजन दहा टक्के उतरले तर झटके सुमारे २६ टक्के कमी होतात आणि दहा टक्के वाढले तर ३२ टक्के वाढतात, असा अंदाज निघाला. ऐंशी किलोच्या माणसाने आठ किलो उतरवले तर उशाच्या चढाएवढाच फायदा, आणि रक्तदाब-साखरेला लाभ तो वेगळा.

३) झोपण्याआधी दारू घेऊ नये. ती घशाचे स्नायू आणखी सैल करते. ‘थोडी घेतली की झोप चांगली लागते’ हा भ्रम आहे. डॉक्टरांना न विचारता झोपेच्या गोळ्याही घेऊ नयेत.

४) विडी-सिगारेटने घशाला सूज येते. ती सोडावी. नाक नेहमी बंद राहत असेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

५) रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे.

आठ प्रश्न विचारून पाहा

कॅनडातील टोरांटोच्या डॉ. फ्रान्सेस चुंग यांनी २००८ साली आठ प्रश्नांची एक साधी यादी प्रसिद्ध केली. ती जगभर वापरली जाते. घरातल्या घरात विचारून पाहावी.

बंद दारापलीकडे ऐकू जाईल एवढे मोठे घोरता काय? दिवसा थकवा किंवा पेंग येते काय? झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे काय? रक्तदाब आहे काय? अंगाने फार स्थूल आहात काय? वय पन्नाशीच्या पुढे आहे काय? गळ्याचा घेर चाळीस सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे सोळा इंचांपेक्षा जास्त आहे काय? पुरुष आहात काय?

तीन किंवा अधिक उत्तरे ‘होय’ आली तर धोका धरून डॉक्टरांना भेटावे. पाच आली तर अजिबात वेळ घालवू नये. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घोरणाऱ्याला कधीच देता येत नाही, ते घरच्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून तपासणीला जाताना पत्नीला किंवा मुलाला बरोबर न्यावे. हा विकार फक्त पुरुषांना होतो असे मात्र समजू नये. पाळी गेल्यानंतर बायकांतही तो वाढतो. लाजेखातर त्या सांगत नाहीत. गरोदर बाई नव्याने घोरू लागली आणि रक्तदाब वाढला, तर प्रसूतीच्या डॉक्टरांना जरूर सांगावे. लहान मूल रोज घोरत असेल आणि तोंड उघडे टाकून झोपत असेल, तर त्याच्या गळ्यातील गाठी वाढल्या आहेत काय ते तपासून घ्यावे.

तपासणी आणि मशीन

तपासणी म्हणजे रात्रभर झोपेत श्वास, प्राणवायू आणि हृदयाचे ठोके यांची नोंद. त्यात सुई नाही, चिरफाड नाही. पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत ती होते; काही वेळा यंत्र घरी देऊनही करतात.

विकार मध्यम किंवा गंभीर निघाला तर बहुधा नाकावर मुखवटा लावून हवेचा हलका दाब देणारे मशीन सांगतात. ते ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी शोधले. त्यांचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. पुन्हा आपल्या चपट्या पाईपाकडे वळा. रिकामा पाईप शेतात चिकटून पडलेला असतो. पंप चालू करून आत दाब आला की तोच गोल फुगून उभा राहतो. मशीन घशाला हेच करते. पहिले काही दिवस मुखवट्याची अडचण वाटते. चिकाटी ठेवली तर सवय होते.

हे सर्व आताच का लिहिले?

गळीत हंगामात आपल्या कार्यक्षेत्रात रात्रभर ट्रॅक्टर धावतात. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, समोर अरुंद रस्ता आणि कंपनीच्या पाळीवरून परतणाऱ्या मुलांच्या मोटारसायकली. काट्यावर नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोके टेकून घोरताना आपण सर्वजण पाहतो. जागरणाने आलेली पेंग झोप मिळाली की जाते. पण रोज आठ तास झोपूनही जो चालता ट्रॅक्टर हाकताना पेंगतो, त्याची पेंग कामाची नाही, विकाराची आहे. त्याच्या हाती रात्री चाक देणे म्हणजे त्याचा आणि रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी जीव टांगणीला लावणे. तीच गोष्ट रात्रीच्या विजेवर एकट्याने पाणी धरायला, विहिरीच्या काठाने जाणाऱ्या शेतकऱ्याची.

तरी सर्व सभासद बंधू-भगिनींना विनंती की, या हंगामाची मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वी घरात जो घोरतो, त्याच्याजवळ एक रात्र जागे राहून कान द्यावा. आवाज एकसारखा चालत असेल तर उशाला ठोकळे लावावेत, कुशीवर झोपवावे आणि वजन उतरवावे. आवाज मध्येच बंद पडून दचकून सुरू होत असेल तर ठोकळ्यांवर विसंबून न राहता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावेत. वाहतूक ठेकेदार सभासदांनी आपल्या ड्रायव्हरांना वरील आठ प्रश्न अवश्य विचारावेत. उसाच्या बिलातून काय घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र पहिला खर्च तपासणीचा असावा, पलंगाचा नंतर.